पैसा कुणाचा, सही कुणाची?
साखरेचं राजकारण आणि सभासदाचा हिशोब

— ऊस विकास अधिकारी



या पानावर मी एरवी लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट आणि हुमणीचा बंदोबस्त यांवर लिहीत असतो. या अंकात विषय जरा निराळा घेतला आहे. त्याचे कारण आधी सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका दुसऱ्या कारखान्यात शेतकी मदतनीस होतो. डिप्लोमा नुकताच झालेला. एके दिवशी एक वयस्कर सभासद ऊस बिल घेऊन गट ऑफिसला आले. कपातीच्या रकान्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, सोसायटीचं कळलं, पाणीपट्टी कळली, ठेव कळली. हे 'इतर' म्हणजे काय?" मी रजिस्टर चाळले, वर फोन लावला. उत्तर आले, "वरिष्ठ पातळीवर ठरलंय म्हणून सांगा." मी तेच सांगितले. म्हातारबुवा हसले. "म्हणजे साहेब, तुम्हालाबी ठाऊक न्हाई," एवढेच बोलले, बिलाची घडी केली आणि चालू लागले. रक्कम टनाला दोन रुपये होती. पण त्या दिवशी मला जी शरम वाटली ती दोन रुपयांची नव्हती.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला आहे. शेतकऱ्यांच्या संस्थेने राजकारणासाठी, सरकारदरबारी आपली बाजू मांडण्यासाठी पैसा खर्च करावा का? आणि केला, तर तो कुणाच्या संमतीने आणि त्याचा हिशोब कुठे? या प्रश्नाची दोन उत्तरे अमेरिकेतल्या दोन सहकारी संस्थांनी दिलेली आहेत. एक साखरेची, एक दुधाची. आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं आपल्याला काय? पण गोष्ट वाचल्यावर ती परकी वाटणार नाही.

बीट पिकवणाऱ्यांचा कारखाना

अमेरिकेच्या उत्तरेला मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटा या दोन राज्यांच्या सीमेवरून रेड नदी वाहते. तिच्या खोऱ्यातली जमीन काळी, सपाट आणि कसदार. तिथे ऊस येत नाही, थंडी फार. तिथे साखरेचे बीट पिकते. आपल्या मुळ्या-गाजरासारखे हे कंद. त्याच्या चकत्या कापून गरम पाण्यात साखर उतरवतात. ऑक्टोबरात काढणी होते, बिटाचे डोंगराएवढे ढीग उघड्यावर रचतात आणि कडाक्याच्या थंडीत ते गोठून टिकतात. आपल्याकडे तुटलेला ऊस दोन दिवस फडात पडला तर उतारा घसरतो. त्यांच्याकडे थंडीच शीतगृहाचे काम करते.

या खोऱ्यात 'अमेरिकन क्रिस्टल शुगर कंपनी' नावाची कंपनी होती. तिची स्थापना १८९९ सालची. भांडवलदारांची कंपनी, बीट शेतकऱ्यांचे. १९७३ साली तिथल्या बीट उत्पादकांनी एकत्र येऊन ती सगळी कंपनी सुमारे ८ कोटी ६० लाख डॉलरला विकत घेतली आणि सहकारी केली. आज तिचे अडीच हजारांहून अधिक शेतकरी सभासद आहेत, सुमारे चार लाख एकर बीट आहे आणि खोऱ्यात पाच कारखाने आहेत. मुख्य कार्यालय मिनेसोटातल्या मूरहेड गावी. त्यांच्याकडे शेअर म्हणजे नुसता कागद नसतो. शेअरमागे ठरावीक क्षेत्रात बीट लावण्याचा हक्क येतो आणि ते लावून कारखान्याला घालण्याचे बंधनही येते. 'यंदा भाव चांगला म्हणून गुऱ्हाळाला घातला' हा प्रकार तिथे चालत नाही.

भाव ठरतो कुठे?

आपल्याला माहीत आहे की एफ.आर.पी. दिल्लीत ठरते. साखरेचा किमान विक्री दर २०१८ साली किलोला २९ रुपये आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये झाला, तोही दिल्लीतच. निर्यातीचा कोटा दिल्लीत, इथेनॉलचा दर दिल्लीत. शेतात आपण टनेज वाढवू शकतो, भाव नाही. अमेरिकेतल्या बीटवाल्याचेही तसेच आहे. त्याचा भाव वॉशिंग्टनमध्ये ठरतो.

तिथे दर पाच वर्षांनी किंवा त्या सुमारास शेतीचा एक मोठा कायदा होतो. त्यात साखरेसाठी तीन व्यवस्था आहेत. पहिली, तारण कर्ज. कारखाना साखर तारण ठेवून सरकारकडून ठरलेल्या दराने कर्ज घेतो. बाजारभाव त्याखाली गेला तर साखर सरकारला देऊन मोकळे होता येते. २०१३ साली भाव पडले तेव्हा खरोखरच अशी साखर सरकारच्या गळ्यात पडली. दुसरी व्यवस्था, देशांतर्गत विक्रीचा कोटा. बिटाच्या साखरेला ५४.३५ टक्के आणि उसाच्या साखरेला ४५.६५ टक्के अशी वाटणी कायद्यातच लिहिलेली आहे. तिसरी, बाहेरच्या साखरेला बांध. कमी जकातीत ठरावीक साखरच आत येऊ देतात, त्यावर आली तर कच्च्या साखरेवर पौंडाला १५.३६ सेंट जकात बसते.

इथे आपलाही संबंध येतो. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार अमेरिकेने वर्षाला निदान ११ लाख १७ हजार १९५ टन कच्ची साखर कमी जकातीत घ्यायची आहे. त्यातला भारताचा मूळ वाटा वर्षानुवर्षे ८,४२४ टनांचा राहिला आहे. रोज ५,००० टन गाळणाऱ्या आणि ११ टक्के उतारा असलेल्या एका कारखान्याचे हे जेमतेम पंधरा दिवसांचे उत्पादन! सगळ्या देशाच्या वाट्याला एका कारखान्याचा एक पंधरवडा. तो बांध घातला कुणी आणि राखला कुणी, हे समजून घेणे म्हणूनच आपल्या कामाचे आहे.

२०१८ च्या कायद्यात बिटाच्या पांढऱ्या साखरेचा तारण दर पौंडाला २५.३८ सेंट होता. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने तो ३२.७७ सेंट केला. किलोच्या हिशोबात सुमारे ५६ सेंटचे ७२ सेंट झाले. एका सहीने किलोमागे सोळा सेंट! एवढी वाढ कोणत्या खताने, कोणत्या बियाण्याने मिळेल?

उघड वर्गणी, उघड वही

ही व्यवस्था आपोआप टिकत नाही. मिठाई आणि शीतपेये करणाऱ्या बड्या कंपन्यांना साखर स्वस्त हवी असते. त्यांचीही संघटना आहे, त्यांचेही प्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये बसलेले असतात. खासदारांना भेटून आपली बाजू गळी उतरवण्याच्या या कामाला तिकडे 'लॉबिंग' म्हणतात आणि तो रीतसर, नोंदणी केलेला धंदा आहे. बीटवाल्या शेतकऱ्यांनी म्हणून आपली माणसे तिथे ठेवली आहेत आणि निवडणुकीसाठी वेगळा निधीही उभा केला आहे.

त्या निधीचे नियम नीट वाचण्यासारखे आहेत. अमेरिकेत १९०७ पासून कंपनीच्या तिजोरीतून केंद्रीय निवडणुकीच्या उमेदवाराला थेट पैसे द्यायला बंदी आहे. सहकारी कंपनीलाही तीच बंदी. म्हणून वेगळी समिती काढावी लागते. तिच्यात सभासदाने आपल्या खिशातून, आपल्या खुशीने वर्गणी घालायची. वर्गणी मागताना 'नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे' हे सांगावेच लागते. एका माणसाला वर्षाला ५,००० डॉलरपेक्षा जास्त देता येत नाहीत. समितीनेही एका उमेदवाराला एका निवडणुकीत ५,००० डॉलरच्या वर द्यायचे नाहीत. वर्षाला २०० डॉलरच्या वर देणाऱ्याचे नाव, गाव आणि धंदा निवडणूक आयोगाकडे नोंदवला जातो आणि तो कुणालाही बघता येतो. लॉबिंगवर किती खर्च झाला आणि कोणत्या विषयावर झाला, याचे विवरण दर तीन महिन्यांनी सादर करावे लागते.

या रीतीने अमेरिकन क्रिस्टलची समिती दोन वर्षांच्या निवडणूक फेरीत दहा लाख डॉलरच्या वर रक्कम देत आली आहे. आपल्या पैशात आठ कोटी रुपयांहून जास्त. २,८०० सभासद धरले तरी सरासरी माणशी साडेतीनशे डॉलरच्या वर जातात. साखरधंद्यातल्या मोठ्या देणगीदारांत या एका सहकारी संस्थेचे नाव नेहमी वरच्या बाजूला असते.

पैसे देण्याची त्यांची तऱ्हाही बघा. एका पक्षाची पालखी वाहायची नाही, दोन्ही पक्षांना द्यायचे. ज्याच्या मतदारसंघात बिटाचे एक पानही उगवत नाही अशा शहरी खासदारालाही द्यायचे, कारण सभागृहात मत त्याचेही असते. त्यांच्या खोऱ्यातले खासदार कॉलिन पीटरसन हे दोनदा लोकप्रतिनिधीगृहाच्या शेती समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्या मोठ्या देणगीदारांत ही संस्था होती. २०२० साली ते निवडणूक हरले, तरी साखरेची व्यवस्था हलली नाही. एका माणसावर सगळा भरवसा ठेवलेला नव्हता.

जून २०१३ मध्ये लोकप्रतिनिधीगृहात ही व्यवस्था सैल करण्याची दुरुस्ती आली, ती २०६ विरुद्ध २२१ मतांनी पडली. मे २०१८ मध्ये पुन्हा तसाच प्रयत्न झाला, तेव्हा १३७ विरुद्ध २७८. मते पैशाने मिळाली असे मी म्हणणार नाही. बीट आणि ऊस दोन्ही धरून अनेक राज्यांतल्या शेतकऱ्यांचा आणि कामगारांचा तो प्रश्न होता. पण दार उघडे असले की आपले म्हणणे ऐकून तरी घेतले जाते, आणि दार उघडे ठेवायला खर्च येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकन संसदेच्याच हिशोब तपासनीस खात्याने २०२३ साली अहवाल दिला. साखरेच्या या व्यवस्थेमुळे तिथल्या ग्राहकांवर वर्षाला अडीच ते साडेतीन अब्ज डॉलरचा बोजा पडतो असे त्यात म्हटले आहे. शिवाय २०१० सालच्या तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कंपन्यांना उमेदवाराला थेट न देता स्वतंत्र प्रचारावर हवा तेवढा खर्च करायला मोकळीक मिळाली आणि काही पैसा आडवाटेने फिरू लागला. तेव्हा तिकडे सगळे धुतल्या तांदळासारखे आहे असे समजू नये. माझा मुद्दा एवढाच की बीटवाल्या सभासदाने निधीला दिलेला पैसा कुठे गेला, ते त्याला वाचता येते. आणि ज्याला तो खर्च पसंत नाही, त्याला न देण्याची सोय आहे.

दूधवाल्यांची गोष्ट

आता दुसरी संस्था. 'असोसिएटेड मिल्क प्रोड्यूसर्स' ही हजारो दूध उत्पादकांची मोठी सहकारी संस्था, १९६९ साली उभी राहिलेली. तिलाही तेच हवे होते जे आपल्याला हवे असते, म्हणजे मालाला भाव. मार्ग मात्र तिने वेगळा धरला.

१९६९ मध्येच या संस्थेकडून अध्यक्ष निक्सन यांच्या वकिलाकडे एक लाख डॉलर रोख पोहोचवले गेले. पैसे राजकीय निधीतून काढले होते, पण नोंद दाखवायची नव्हती. मग काय केले? एका अधिकाऱ्याच्या नावावर बँकेचे कर्ज काढले आणि निधीतला खड्डा बुजवला. ते कर्ज फेडायला वकिलांची आणि सल्लागारांची बिले फुगवली. ती बिले भरली संस्थेच्या तिजोरीतून. म्हणजे फिरून फिरून पैसा गेला दूधवाल्याचाच. त्याला वर्गणी कुणी मागितली नाही आणि पावतीही मिळाली नाही.

पुढे १२ मार्च १९७१ रोजी तिथल्या शेतीमंत्र्यांनी जाहीर केले की दुधाचा आधारभाव शंभर पौंडाला, म्हणजे सुमारे ४५ किलोला, ४.६६ डॉलरच राहील, वाढणार नाही. २३ मार्चला दूध संस्थांचे पुढारी व्हाइट हाउसमध्ये निक्सन यांना भेटले. २५ मार्चला भाव ४.९३ डॉलर झाल्याचे जाहीर झाले! तेरा दिवसांत निर्णय फिरला. आणि याच काळात दूधवाल्यांनी निक्सन यांच्या पुढच्या निवडणुकीसाठी वीस लाख डॉलरचा शब्द दिलेला होता. निक्सन यांचे म्हणणे असे की संसदेतून दबाव होता म्हणून भाव वाढवला, देणगीशी त्याचा संबंध नाही. पण वॉटरगेटची चौकशी सुरू झाली तेव्हा हे सगळे बाहेर आले.

शेवट काय झाला? १९७४ साली संस्थेने बेकायदा देणग्यांचा गुन्हा कोर्टात कबूल केला. ३५,००० डॉलर दंड झाला. दोन माजी पदाधिकाऱ्यांना तुरुंगात जावे लागले. भावाची वाढ मिळाली खरी, पण पुढे कितीतरी वर्षे 'दूधवाले' म्हटले की लोकांना आधी पैशाची पेटी आठवायची. ज्या शेतकऱ्याने पहाटे उठून धारा काढल्या, त्याच्या खऱ्या मागणीवरसुद्धा संशय येऊ लागला. ३५,००० डॉलरचा दंड भरून फिटला. गेलेली पत मात्र दंड भरून परत येत नाही.

या प्रकरणानंतर १९७४ साली अमेरिकेने निवडणूक निधीचा कायदा कडक केला आणि केंद्रीय निवडणूक आयोग नेमला. बीटवाल्यांची उघडी वही मी वर सांगितली ना, ती ठेवणे ज्या नियमांनी सक्तीचे झाले, त्यांतले बरेच नियम दूधवाल्यांच्या झाकलेल्या वहीसारख्या प्रकरणांतून आले आहेत.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे लॉबिंगच्या खर्चाची नोंद मागणारा असा कायदा नाही. बहुराज्य सहकारी संस्थांच्या २००२ च्या कायद्याने मात्र संस्थेने राजकीय पक्षाच्या हिताच्या संघटनेला थेट किंवा आडून, पैशाने किंवा वस्तूने देणगी द्यायला मनाई केली आहे. २०१८ साली निवडणूक रोख्यांची योजना आली होती. त्यात देणाऱ्याचे नाव मतदाराला कळत नसे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. कारण साधे होते. पक्षाला पैसा कुणी दिला हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे.

मतदाराला जर हा हक्क आहे, तर ज्याच्या उसाच्या मोळीतून पैसा निघतो त्या सभासदाला तो कमी कसा असेल?

मी शेतकी खात्याचा माणूस आहे, राजकारणावर बोलायचा मला अधिकार नाही. पण शेतातला एक अनुभव सांगतो. खोडकिडा लागलेला ऊस बाहेरून हिरवागार दिसतो. पोंगा ओढला की हातात येतो, तेव्हा कळते की आत काही राहिलेले नाही. संस्थेच्या हिशोबातली न सांगितलेली ओळ अशीच असते. रक्कम लहान असते, टनाला दोन रुपये. पण दहा लाख टन गाळप धरले तर तेच वीस लाख होतात. आणि पैशापेक्षा मोठे नुकसान हे की सभासदाचा संस्थेवरचा विश्वास आतून पोखरला जातो. मग संस्था खऱ्या कामासाठी, दरासाठी, दिल्लीला निघाली तरी मागे सभासद उभा राहत नाही.

दिल्लीला जायला हवेच. राज्याचा साखर संघ आहे, राष्ट्रीय महासंघ आहे, त्यांना वर्गणी द्यावी लागते, अभ्यास करणारी माणसे ठेवावी लागतात, निवेदने तयार करावी लागतात. हा खर्च वाया जातो असे मुळीच समजू नये. आपली बाजू आपण मांडली नाही तर दुसरा कुणी आपल्या वतीने मांडणार नाही. फक्त तो खर्च अहवालात त्याच्या नावाने लिहिलेला असावा, 'इतर' या नावाने नको.

म्हणून वार्षिक सभेचा अहवाल हातात आला की नुसता फोटो बघून ठेवून देऊ नका. नफा-तोटा पत्रकाचे पान उघडा आणि चार गोष्टी बघा. संघ-महासंघांची वर्गणी किती आणि कशासाठी? देणग्या कुणाला दिल्या आणि त्याला सभेची मंजुरी होती का? वकील आणि सल्लागार यांचा खर्च मागच्या वर्षापेक्षा एकदम वाढला असेल तर का? आणि आपल्या बिलातल्या प्रत्येक कपातीला आपली संमती किंवा सभेचा ठराव आहे का? प्रश्न लेखी द्या, वेळेत द्या, आणि सभेला स्वतः या. विचारणारा सभासद संस्थेचा वैरी नसतो. दूधवाल्यांच्या त्या संस्थेत १९६९ सालीच कुणी उभे राहून 'हे वकिलाचं बिल एवढं कसं?' असे विचारले असते आणि त्याला खरे उत्तर मिळाले असते, तर कदाचित तुरुंगाची पाळी आली नसती.

जाता जाता एक. ज्यांना ऊस बिलातली एखादी कपात कळत नसेल, त्यांनी बिल आणि काटा पावती घेऊन गट ऑफिसला यावे. प्रत्येक ओळ समजावून देणे हे आमच्या खात्याचे काम आहे. एखाद्या ओळीचे उत्तर माझ्याकडे नसेल, तर ते वरून लेखी मागवून तुम्हाला देईन. 'वरिष्ठ पातळीवर ठरलंय' असे उत्तर मी एकदा एका म्हाताऱ्या माणसाला दिले. पुन्हा कुणाला द्यायचे नाही, असे ठरवले आहे.